ट्यूडर राजांचें रुपें

इंग्लंडच्या इतिहासांत इसवी सन १५४४ ते १५५१ या काळास ‘नाण्यांचें महाभ्रष्टीकरण’ असें नांव पडलें आहे. आठव्या हेन्रीनें युद्धाच्या खर्चासाठीं चांदीच्या नाण्यांत तांबें मिसळलें, त्यामुळें महागाई झाली, व पुढें एलिझाबेथ राणीनें नाणें शुद्ध केलें, ही हकीकत मीं वर्गांत वीसाहून अधिक वर्षें सांगितली. विद्यार्थ्यांनीं ती उतरून घेतली आणि परीक्षेंत जशीच्या तशी मला परत केली. या देवघेवींत कोणाचें कांहीं गेलें नाहीं आणि कोणास फारसें कांहीं मिळालेंहि नाहीं. पुढें एकदां विलायतेस जाण्याचा योग आला. तेथील जुन्या नाण्यांच्या एका लहानशा दुकानांतून मीं दोन नाणीं विकत घेतलीं. एक हेन्रीच्या अखेरच्या वर्षांतलें चार पेनींचें ‘ग्रोट’. दुसरें एलिझाबेथचें १५७३ सालचें सहा पेनींचें नाणें. दोन्हीहि झिजलेलीं, म्हणून माझ्या ऐपतींत बसणारीं. तीं तळहातावर शेजारीं शेजारीं ठेवलीं तेव्हां जें वाक्य मी इतकीं वर्षें उच्चारीत होतों त्याचा अर्थ मला प्रथम समजला. एक नाणें तांबूस, मळकट आणि निस्तेज होतें. दुसरें काळवंडलेलें खरें, पण त्याच्या काळेपणाखालीं रुपें होतें.

त्या दिवसापासून मला या नाण्यांचा नाद लागला. आमच्यासारख्यांचा संग्रह तो कितीसा असणार? परंतु वस्तु थोड्या असल्या म्हणजे त्या पुनःपुन्हां पाहिल्या जातात, आणि पाहण्यासारखें त्यांत पुष्कळ आहे.

हीं सर्व नाणीं हातोड्यानें ठोकलेलीं आहेत. यंत्राच्या नाण्यांची ज्यांच्या डोळ्यांस संवय झालेली आहे त्यांस तीं प्रथम ओबडधोबड वाटतात. कांठ धड वाटोळा नाहीं, अक्षरें एका बाजूस ठसठशीत तर दुसऱ्या बाजूस पुसट, आणि राजाचा मुकुट क्वचित् चकतीच्या बाहेर गेलेला. आपल्याकडील शिवराई ज्यांनीं हातांत घेतली असेल त्यांस मात्र यांत नवल वाटणार नाहीं; तिच्यावरहि सगळीं अक्षरें सहसा मावलेलीं नसतात. इंग्लंडच्या टांकसाळींतील रीत अशी होती: चांदीची लगड ओतावी, ती ठोकून पत्रा करावा, पत्र्याचे तुकडे कातरीनें कापावे, ते ठोकून व कातरून वजनास उतरवावे आणि उजळून घ्यावे. ठसे दोन. खालच्या ठशास टोक असे व तें लांकडी ठोकळ्यांत रोवलेलें असे. त्यावर चकती ठेवावयाची, वर दुसरा ठसा हातानें धरावयाचा, आणि हातोडा हाणावयाचा.

घाव वरच्या ठशावर बसे. म्हणून तो लवकर फुटे. खालचा ठसा, ज्यावर बहुधा राजाचें मुख कोरलेलें असे, अधिक दिवस टिके. या साध्या गोष्टीवर नाणकशास्त्राचा एक मोठा भाग उभा आहे. दोन नाण्यांवरील मुखाचा ठसा एकच, परंतु मागच्या ढालीचा ठसा वेगळा, असें आढळलें म्हणजे तीं एकाच टांकसाळींत थोड्याफार अंतरानें ठोकलीं गेलीं असें ठरतें. आणि खालच्या ठशावरील एखादी बारीक चीर क्रमाक्रमानें वाढत गेलेली दिसली तर पहिलें कोणतें व नंतरचें कोणतें हेंहि सांगतां येतें. हाताच्या कामाचा आणखी एक गुण असा कीं, चकतीचा आकार, घावाचा कल, झिजेची जागा, हें सर्व प्रत्येक नाण्याचें निराळें असतें. म्हणून हातोड्याचीं दोन नाणीं चिरेसह, डागासह आणि कांठासह तंतोतंत सारखीं दिसलीं, तर घेणाऱ्यानें हात आखडावा. तीं एकाच सांच्यांत ओतलेलीं असण्याचा संभव फार.

ट्यूडर घराण्याचा मूळ पुरुष सातवा हेन्री. १४८५ सालीं रणांगणावर गादी मिळविलेला हा राजा पैशाच्या बाबतींत अत्यंत दक्ष होता. त्याच्या पूर्वीं दोनशें वर्षें इंग्लंडच्या चांदीच्या नाण्यावर राजाचें जें तोंड असे तें कोणत्याच राजाचें नसे. समोर पाहणारा, दोहों बाजूंस कुरळ्या केसांचा, मुकुट घातलेला एक ठराविक चेहरा १२७९ मधील पहिल्या एडवर्डच्या नाण्यापासून पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. सातव्या हेन्रीनें १४९४ मध्यें अलेक्झांडर ब्रुकसाल या परदेशी कारागिरास ठसे कोरण्याच्या कामावर नेमिलें; आणि सोळाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं जें बारा पेनींचें ‘टेस्टून’ निघालें त्यावर एका बाजूनें दिसणारें, लांब नाकाचें, मिटल्या ओठांचें एका विशिष्ट मनुष्याचें मुख प्रथम उमटलें. शिलिंग हा तोंवर केवळ हिशेबाच्या वहींतला शब्द होता. तो आतां हातांत धरतां येऊं लागला.

त्याचा मुलगा आठवा हेन्री १५०९ मध्यें गादीवर आला, तेव्हां टांकसाळीनें काय करावें? बापाचाच चेहरा ठेवून फक्त सातव्याचा आंकडा आठवा केला! आपल्या रूपाचा एवढा अभिमान बाळगणारा हा तरुण राजा सतरा वर्षें स्वतःच्या नाण्यांवर बापाच्या तोंडानें वावरत होता. १५२६ मध्यें त्याचा मंत्री कार्डिनल वूल्झी यानें नाण्यांची नवी व्यवस्था लाविली तेव्हां कोठें हेन्रीस स्वतःचें मुख मिळालें. याच वूल्झीनें यॉर्क येथील आपल्या टांकसाळींत पाडलेल्या ग्रोटवर राजाच्या ढालीखालीं आपली कार्डिनलची टोपी उमटविली. लहान नाण्यांवर आपलें चिन्ह घालण्याचा धर्माधिकाऱ्यांचा जुना प्रघात होता. ग्रोटवर तें घालणें ही मर्यादा ओलांडणें होतें. १५२९ मध्यें वूल्झीवर राजाची इतराजी झाली, तेव्हां त्याच्यावरील आरोपांच्या यादींत ही टोपीहि आली. नाण्यावरची बोटभर जागा ही राजाची जमीन असते, आणि तीवरचें अतिक्रमण विसरलें जात नाहीं.

आतां त्या महाभ्रष्टीकरणाकडे वळूं. मठ मोडून मिळालेली संपत्ति हातीं असूनहि फ्रान्स व स्कॉटलंड यांच्याशीं चाललेल्या युद्धांस हेन्रीचा खजिना पुरेना. १५४२ मध्यें टांकसाळीशीं एक करार गुप्तपणें करण्यांत आला, आणि त्याप्रमाणें सांठविलेलीं हिणकस नाणीं १५४४ मध्यें बाहेर पडलीं. इंग्लंडच्या चांदीचा जुना कस हजारांत ९२५ भाग असा होता. म्हणजे बारा औंसांत अकरा औंसांहून किंचित् अधिक शुद्ध चांदी. १५४४ मध्यें ती नऊ औंसांवर आली, १५४५ मध्यें सहावर आणि १५४६ मध्यें चारावर. हेन्री १५४७ मध्यें वारला. परंतु १५५१ मध्यें त्याच्या मुलाच्या मंत्र्यांनीं त्याच्याहि पुढें मजल मारली आणि बारांत तीनच औंस चांदी असलेलें नाणें पाडलें.

हे आंकडे मीं एकदां मांडून पाहिले. ते एका जागीं ठेवल्याखेरीज गोष्टीचें गांभीर्य ध्यानीं येत नाहीं. आपला जुना रुपया १८० ग्रेनांचा, म्हणजे एक तोळ्याचा असे, हें प्रमाण वाचकांनीं लक्षांत ठेवावें. सातव्या हेन्रीच्या टेस्टूनचें वजन १४४ ग्रेन, आणि त्यांत शुद्ध चांदी सुमारें १३३ ग्रेन. आठव्या हेन्रीच्या १५४६ च्या टेस्टूनांत ती सुमारें ४०. १५५१ च्या हलक्या शिलिंगांत ती अवघी २०. नांव तेंच, किंमत कायद्यानें तीच, बारा पेनी. आंतील रुपें मात्र नातवाच्या राज्यांत आजोबाच्या वेळच्या एकसप्तमांशाच्या आसपास उरलें. सात वर्षांत या मार्गानें सरकारास बारा लक्ष पौंडांहून अधिक प्राप्ति झाली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ती कोणीं भरली हें वेगळें सांगावयास नको. ज्याची मजुरी ठरलेली, ज्याचें पेन्शन ठरलेलें, त्यानें ती भरली.

चोरी झांकण्यासाठीं टांकसाळीनें चकत्यांचा वरचा थर उजळून चांदीचा भास उत्पन्न केला. पण याच वेळीं राजाचें मुख पुनः समोरून दाखविण्यांत येऊं लागलें होतें, आणि समोरच्या मुखांत सर्वांत उंच भाग म्हणजे नाक. खिशांत नाणें घासूं लागलें कीं प्रथम नाकावरचा मुलामा जाई आणि खालचें तांबें दिसे. लोकांनीं राजास ‘तांबड्या नाकाचा म्हातारा’ अशा अर्थाचें नांव दिलें. माझ्याजवळच्या ग्रोटवर हें नाक आहे. दरबारच्या चित्रकारानें रंगविलेला तो धिप्पाड, पाय फांकून उभा राहिलेला हेन्री सर्वांनीं पाहिलेला असतो. त्याच राजाचें हें दुसरें चित्र त्याच्याच हुकमानें तयार झालें, आणि तें पुरें केलें मात्र बाजारांतील असंख्य अनामिक अंगठ्यांनीं.

बाल एडवर्डच्या कारकीर्दीच्या प्रारंभीं मृत हेन्रीच्याच नांवानें व मुखानें नाणीं पाडणें चालू राहिलें. वाईट कामावर मेलेल्याची सही असलेली बरी, असा यांत हिशेब होता कीं काय न कळे. १५४९ मध्यें एडवर्डच्या नांवाचे शिलिंग निघाले. त्यांवर रोमन आंकड्यांत साल घातलेलें आहे, आणि इंग्लंडच्या चांदीच्या नाण्यावर साल येण्याचा हा पहिलाच प्रसंग. लेख बायबलांतील नीतिवचनांचा: परमेश्वराचें भय हा जीवनाचा झरा आहे, अशा अर्थाचा. परंतु नाणें इतकें लहान कीं, ह्यू लॅटिमर या निर्भीड धर्मोपदेशकानें खुद्द राजासमोर केलेल्या प्रवचनांत, आपण तें जुनें ग्रोट समजूनच ठेवून देणार होतों, असें बोलून दाखविलें. बालराजासमोर त्याच्याच नाण्याची अशी थट्टा करावयास धैर्य लागतें.

वरून बेइमानी सुरू झाली म्हणजे खालचे लोक मागें राहत नाहींत. ब्रिस्टलच्या टांकसाळीचा अधिकारी सर विल्यम शॅरिंग्टन यानें राजासाठीं हिणकस नाणीं पाडतां पाडतां स्वतःसाठींहि पाडलीं, वह्या खोट्या केल्या, आणि बालराजाचा मामा थॉमस सीमूर याच्या कटास पैसा पुरविण्याचें कबूल केलें. १५४९ च्या जानेवारींत तो पकडला गेला. मार्चमध्यें सीमूरचा शिरच्छेद झाला. शॅरिंग्टनला मात्र क्षमा मिळाली आणि लेकॉकच्या मठाची त्याची जहागीरहि परत मिळाली. राजाच्या नाण्याचे कांठ कातरणाऱ्या गरिबास त्याच कायद्यानें राजद्रोही म्हणून मरण येत असे. हीं दोन वाक्यें एकापुढें एक ठेविलीं कीं टीकेची गरज राहत नाहीं.

१५५१ मध्यें मंत्र्यांनीं उलट फिरण्याचें ठरविलें, तें किती अनाडीपणें! एप्रिलच्या अखेरीस त्यांनीं जाहीर केलें कीं, ऑगस्टच्या अखेरीपासून बारा पेनींचा शिलिंग नऊ पेनींस चालेल. चार महिन्यांनीं आपला पैसा पाऊणपट होणार हें कळल्यावर तो घरांत कोण ठेवील? जो तो खर्च करूं लागला, भाव चढले, सरकारास मुदत अलीकडे ओढून जुलैमध्येंच घट अमलांत आणावी लागली आणि ऑगस्टमध्यें शिलिंग सहा पेनींवर आणावा लागला. आणि मधल्या काळांत टांकसाळ काय करीत होती? तीन औंसांचें सर्वांत हलकें नाणें पाडीत होती. त्याच वर्षीं पुढें शुद्ध चांदीचे नवे सुंदर शिलिंग व घोडेस्वार राजाचे पांच शिलिंगांचे क्राउन निघाले. पण ज्यास फसविलें गेलें तो नवें शुद्ध नाणें पेटींत ठेवतो आणि जुनें हिणकस दुकानदाराच्या हातावर ठेवतो. चांगलें दडलें, वाईट फिरत राहिलें.

येथें मराठी वाचकास एका मनुष्याची आठवण करून द्यावीशी वाटते. ज्या सुमारास लॅटिमर त्या शिलिंगाची थट्टा करीत होता, त्याच सुमारास, अंदाजें १५४९ मध्यें, इंग्लंडच्या विल्टशर परगण्यांत थॉमस स्टीफन्सचा जन्म झाला. शॅरिंग्टनचें लेकॉक याच परगण्यांत आहे. हाच तो फादर स्टीफन्स, जो १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला आणि ज्याचें मराठी ओव्यांतील ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें छापलें गेलें. त्याच्या बालपणीं गांवच्या बाजारांत जें नाणें फिरत होतें तें हेंच तांबड्या नाकाचें. मराठीच्या एका थोर उपासकाच्या लहानपणींचा हा पैसा आहे, हें ध्यानांत आल्यापासून तें ग्रोट मला एकदम परकें वाटेनासें झालें.

मेरी राणीच्या पांच वर्षांबद्दल थोडेंच सांगतों. तिच्या नाण्यांवर ‘सत्य ही काळाची कन्या’ या अर्थाचें लॅटिन वचन आहे. १५५४ मध्यें स्पेनच्या फिलिपशीं विवाह झाल्यावर दोघांचीं मुखें एकमेकांसमोर असलेले शिलिंग निघाले. पुढच्या शतकांत सॅम्युएल बटलर या कवीनें प्रेमिकांच्या थट्टेसाठीं या शिलिंगाचीच उपमा घेतली. नाण्यावरचें हें दांपत्य इतकें जवळ बसलेलें, आणि प्रत्यक्षांत नवरा बहुतेक काळ समुद्रापलीकडे!

१५५८ मध्यें एलिझाबेथ गादीवर आली तेव्हां बाजारांत तिच्या बापाचें व भावाचें हिणकस नाणें अद्याप फिरत होतें. तिचा व्यापारी सल्लागार सर थॉमस ग्रेशम यानें तिला पत्र लिहून हुंडणावळ कां घसरली आणि शुद्ध सोनें देशाबाहेर कां गेलें याचें कारण सांगितलें, तें हेंच. येथें मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. ‘वाईट पैसा चांगल्यास हांकून देतो’ हा नियम ग्रेशमनें शोधून काढला असें मी वर्षानुवर्षें शिकवीत आलों. त्याच्या पत्रांत तो या शब्दांत नाहीं. ही गोष्ट त्याच्या पूर्वीं कोपर्निकससारख्यांनीं लिहून ठेविली होती. आणि नियमास ग्रेशमचें नांव मॅक्लाउड नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें १८५८ मध्यें दिलें. नांवें अशीं चिकटतात, आणि आम्ही शिक्षक तीं चिकटवून ठेवतों.

सप्टेंबर १५६० मध्यें राणीचा जाहीरनामा निघाला. हिणकस टेस्टून सहा पेनींस चालत होते. त्यांतले बरे ते साडेचार पेनींचे आणि अगदीं वाईट ते सवादोन पेनींचे ठरविण्यांत आले. पण बरा कोणता व वाईट कोणता हें सामान्य मनुष्यास ओळखतां येईना. तेव्हां नाण्यांवर छाप मारण्याचें ठरलें: बऱ्यावर किल्ल्याच्या दरवाजाची जाळी, वाईटावर शिकारी कुत्रा. राजाच्या मुखाशेजारीं कुत्र्याचा छाप मारून, हें नाणें खोटें आहे, असें त्याच राजाच्या बहिणीच्या सरकारनें जाहीर केलें, अशीं उदाहरणें इतिहासांत फार नसतील. असे छाप असलेले टेस्टून आज अत्यंत दुर्मीळ आहेत, कारण त्यांचा हेतूच वितळून जाण्याचा होता. वर्षभरांत बहुतेक हिणकस नाणें गोळा होऊन त्याचें शुद्ध नाणें झालें. १५६१ च्या जुलैत राणी स्वतः लंडनच्या किल्ल्यांतील टांकसाळ पाहावयास गेली आणि कांहीं नाणीं तिनें स्वहस्तें पाडलीं, असें तत्कालीन वृत्तांत नमूद आहे.

या कामगिरीबद्दल एलिझाबेथचें कौतुक सर्व पाठ्यपुस्तकांत आहे व तें योग्यहि आहे. परंतु तराजू हातीं घेतला म्हणजे एक गोष्ट दिसते जी पाठ्यपुस्तकांत सहसा नसते. माझें सहा पेनींचें नाणें टांकसाळींतून निघालें तेव्हां ४८ ग्रेनांचें असलें पाहिजे. कस हजारांत ९२५. तिच्या आजोबाच्या, सातव्या हेन्रीच्या, चार पेनींच्या ग्रोटचेंहि वजन ४८ ग्रेन आणि कस तोच! म्हणजे आजोबाच्या राज्यांत जितकें रुपें चार पेनींस मिळे तितकेंच नातीच्या राज्यांत सहा पेनींस. राणीनें शुद्धता परत आणली. वजन परत आणलें नाहीं. मध्यें जें गेलें तें गेलेंच. तिनें प्रजेस एवढेंच वचन दिलें कीं, जें हातांत पडेल तें तरी खरें असेल. विचार करतां मला वाटतें, एवढें वचन पाळणें हेंहि राज्यकर्त्यास लहान काम नाहीं.

१५६१ पासून तिनें नाण्यांची एक मालिकाच काढली: सहा पेनी, तीन पेनी, दीड पेनी आणि पाऊण पेनी. पाव पेनीचें, म्हणजे फार्दिंगचें, चांदीचें नाणें इतकें बारीक झालें असतें कीं बोटांत धरतां येतें ना. त्यावर युक्ति अशी कीं, गिऱ्हाइकानें एक पेनी द्यावी आणि पाऊण पेनी परत घ्यावी, म्हणजे पाव पेनीचा व्यवहार झाला. आकारावरून घोटाळा होऊं नये म्हणून या चारींवर राणीच्या मस्तकामागें गुलाबाचें फूल आणि वर साल घातलें. शेक्सपियरनें ‘किंग जॉन’ नाटकांत याच कानामागच्या गुलाबावर कोटी केली आहे. जॉन राजा एलिझाबेथच्या पूर्वीं साडेतीनशें वर्षांवर होऊन गेला हें त्याच्या ध्यानांत नव्हतें असें नाहीं. प्रेक्षकांच्या खिशांत तें नाणें आहे हें त्याच्या अधिक ध्यानांत होतें.

संग्राहकास याच मालिकेचा मोह पडतो. सहा पेनींचें नाणें १५६१ पासून १६०२ पर्यंत बहुतेक प्रत्येक वर्षाचें मिळतें, आणि सालाखेरीज त्यावर एक लहानसें चिन्हहि असतें: बाणाचें टोंक, सिंह, किल्ला, ओक वृक्षाचें फळ, शिंपला, चंद्रकोर, हात, किल्ली, नांगर. हीं चिन्हें शोभेचीं नव्हेत. टांकसाळीनें पाडलेल्या प्रत्येक खेपेंतून कांहीं नाणीं एका कुलुपबंद पेटींत टाकावयाचीं, आणि ठराविक काळानें सोनारांच्या पंचांसमोर ती पेटी उघडून वजन व कस तपासावयाचा, अशी मध्ययुगापासून चाल होती. तपासणी झाली कीं चिन्ह बदले. चिन्हावरून नाणें कोणत्या मुदतींतलें व त्यास जबाबदार कोण तें कळे. ही पेटीची परीक्षा आजहि लंडनमध्यें दरवर्षीं होते. माझ्या नाण्यावर ओकचें फळ आहे. ज्यास हौस आहे त्यानें सालें गोळा करावीं, दुसऱ्यानें चिन्हें; मला स्वतःला या चिन्हांत, राज्यानें स्वतःवर बसविलेला पहारा दिसतो, आणि म्हणून तीं राणीच्या मुखाहूनहि अधिक आवडतात.

याच काळांत यंत्रहि येऊन गेलें. एलॉय मेस्ट्रेल नांवाच्या फ्रेंच कारागिरानें १५६१ पासून दहा वर्षें घोड्यांच्या बळावर चालणाऱ्या यंत्रानें किल्ल्यांतच नाणीं पाडलीं. तीं इतकीं रेखीव व वाटोळीं आहेत कीं हातोड्याच्या नाण्यांशेजारीं एखाद्या दुसऱ्या शतकांतलीं वाटतात. परंतु हातोडेवाले जुने कामगार त्याच्या विरुद्ध होते, आणि स्पर्धा लावून पाहतां हातोडा यंत्रापेक्षां कितीतरी जलद ठरला. १५७२ मध्यें त्यास काढून टाकण्यांत आलें. १५७८ मध्यें खोटीं नाणीं पाडल्याच्या गुन्ह्यासाठीं तो फांशीं गेला. ज्या हातास खरें नाणें पाडूं दिलें नाहीं तो हात खोटें पाडूं लागला. इंग्लंडमधील हातोडा त्यानंतर जवळजवळ शतकभर चालला, आणि १६६२ मध्यें यंत्रापुढें कायमचा थांबला.

ट्यूडर चांदीचें शेवटचें पान आपल्या बाजूस उघडतें. १६०० च्या डिसेंबरच्या अखेरच्या दिवशीं ईस्ट इंडिया कंपनीस सनद मिळाली. तिच्या पहिल्या सफरीसाठीं राणीच्या टांकसाळींत खास नाणीं पाडण्यांत आलीं. तीं इंग्रजी वजनाचीं नव्हतीं. पूर्वेकडील बाजारांत चालणाऱ्या स्पॅनिश रियालांच्या वजनाचीं होतीं, आणि मागच्या बाजूस तीच किल्ल्याची जाळी होती. जेम्स लँकेस्टरचीं गलबतें १६०१ मध्यें निघून सुमात्रा व जावाकडे गेलीं. पण तेथील व्यापाऱ्यास स्पेनचा रियाल ठाऊक होता, ही बाई ठाऊक नव्हती. प्रयोग पुनः झाला नाहीं. पुढें १६७२ मध्यें याच कंपनीनें मुंबईस टांकसाळ घातली. आणि हळूहळू या देशांतील नाण्यांवर कोणाचें नांव असावें हें ठरविण्याचा अधिकार तिनें कसा घेतला तें सर्वांस ठाऊक आहे. ज्या नाण्यास सोळाशें एक सालीं आशियानें ओळख दिली नाहीं, त्याची ही पुढची गोष्ट आहे.

संग्रहाच्या नीतीविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. जमिनींतून निघालेलें नाणें कोठें, किती खोल, कशाच्या शेजारीं सांपडलें हें नोंदल्याखेरीज उचललें तर त्याचा अर्धा इतिहास तेथेंच गाडला जातो. इंग्लंडांत १९९६ च्या कायद्यानें, तीनशें वर्षांहून जुनीं सोन्याचांदीचीं दोन किंवा अधिक नाणीं एकत्र सांपडल्यास सरकारास कळविणें बंधनकारक केलें आहे, आणि १९९७ पासून एकेकट्या वस्तूंचीहि स्वेच्छेनें नोंद घेण्याची व्यवस्था आहे. शेतांत यंत्र घेऊन फिरणाऱ्या हौशी लोकांनीं अशा नोंदींत मोठी भर घातली. नवीन संग्राहकास माझें सांगणें एवढेंच कीं, कोठून आलें हें जो विक्रेता सांगूं शकत नाहीं त्याच्याकडून स्वस्त मिळालें म्हणूनहि घेऊं नये. आणि चकचकीत, न फिरलेल्या नाण्याच्या मागें लागून ऐपतीबाहेर जाऊं नये. न फिरलेलें नाणें टांकसाळीची गोष्ट सांगतें. झिजलेलें नाणें देशाची.

तिसरी गोष्ट, जुनें नाणें कधींहि घासूं नये. हें मी अनुभवानें सांगत आहें. विलायतेहून आल्यावर त्या वर्षीं दिवाळींत राणीचें तें नाणें मीं टेबलावर उघडें ठेवून बाहेर गेलों. संध्याकाळीं परत येऊन पाहतों तों लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर आमच्या घरच्या रुपयांच्या ओळींत एलिझाबेथ राणी बसलेली, चिंचेनें व रांगोळीनें स्वच्छ घासलेली, कपाळीं हळदकुंकू! साडेचारशें वर्षांचा काळा रंग गेला होता आणि ओकच्या फळाच्या कडाहि थोड्या बोथट झाल्या होत्या. माझा चेहरा पाहून आई म्हणाली, “अरे, काळें पडलें होतें म्हणून घासलें. आधीं फरशीवर वाजवून पाहिलें हो! रुपें खरें आहे. दुसरें तें तांबडें नाणें मात्र बद्द वाजलें, तें नाहीं ठेवलें देवापुढें.”

अपराध माझाच होता, त्यामुळें बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. पण आईनें ज्या रीतीनें आठव्या हेन्रीस नापास केलें तीच रीत त्याच्या प्रजेची होती. तिला लॅटिन येत नव्हतें, कोणता राजा व कोणतें साल हें ठाऊक नव्हतें. तिनें नाणें वाजविलें. आई आतां नाहीं. तें सहा पेनींचें नाणें हळूहळू पुनः काळवंडत आहे. मी तें घासत नाहीं. कुंकवाचा एक सूक्ष्म कण राणीच्या कानामागील गुलाबाच्या पाकळींत अडकलेला आहे, तोहि काढलेला नाहीं. वर्गांत १५४४ साल आलें म्हणजे दोन्ही नाणीं विद्यार्थ्यांच्या हातीं देतों आणि टेबलावर वाजवून पाहावयास सांगतों.